वस्ताद होण्याचा मोह

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, आष्टा आणि आसपासच्या गावांत, जत्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच. मैदानाभोवती बसलेल्या माणसांकडे थोडे लक्ष दिले तर एक गोष्ट ध्यानात येते. लढणारे दोघेच असतात, लढवणारे मात्र शेकडो असतात. जोड चुकीची लागली, अमक्याने आधी पट काढायला हवा होता, तमक्याला खुराक कमी पडला, अशी चर्चा मैदान संपून गेले तरी चालू राहते. ज्या भागाने कवठेपिरानच्या मारुती मान्यांसारखा हिंदकेसरी १९६४ साली दिला, त्या भागातल्या लोकांना अशा चर्चेचा अधिकार नाही असे कोण म्हणेल? पण इथे मुद्दा अधिकाराचा नाही. पैलवान होण्याइतकाच, किंबहुना अधिक, वस्ताद होण्याचा मोह माणसाला असतो, एवढेच सांगायचे आहे.

संगणकावरचे आणि मोबाइलवरचे क्रीडा-व्यवस्थापनाचे खेळ याच मोहावर उभे आहेत. या खेळांत आपण चेंडू टाकत नाही, की गोल मारत नाही. आपण संघ निवडतो, खेळाडू विकत घेतो, सरावाचे वेळापत्रक आखतो, डावपेच ठरवतो आणि मग सामना ‘बघतो’. नेमबाजीच्या किंवा गाड्यांच्या खेळासारखी त्यात हाताची चपळाई लागत नाही. पडद्यावर बहुतेक वेळ दिसतात ते तक्ते. तरीही तक्ते न्याहाळत रात्रीचे दोन वाजवणारी मुले आणि मोठी माणसे जगभर आहेत. गणिताचे पुस्तक उघडायचे म्हटले की ज्याला झोप येते, तोच मुलगा सरासरी, टक्केवारी आणि गुणोत्तरे यांनी भरलेल्या पडद्यासमोर तासन्‌तास बसतो. हे कशामुळे होते, हा प्रश्न शिक्षकांनी टाळून चालणार नाही. ‘मोबाइल वाईट’ एवढे म्हणून त्याचे उत्तर मिळत नाही.

थोडा इतिहास

या खेळांचा उगम संगणकापेक्षा जुना आहे. अमेरिकेत १९४१ साली इथन ॲलन या माजी बेसबॉल खेळाडूने एक बैठा खेळ बाजारात आणला. त्यात प्रत्येक नामांकित खेळाडूची एक गोल तबकडी होती आणि त्याच्या खऱ्या कामगिरीच्या प्रमाणात तिचे भाग पाडलेले होते. तबकडीवरचा काटा फिरवायचा. तो थांबेल त्या भागावर जे लिहिले असेल ते मैदानावर घडले असे मानायचे. चांगल्या फलंदाजाच्या तबकडीवर चांगल्या फटक्यांचे भाग मोठे. खेळाडूचे संभाव्यतेत रूपांतर करण्याची ही युक्ती पुढच्या सगळ्या खेळांचा पाया ठरली.

इंग्लंडमध्ये १९८२ साली केव्हिन टॉम्स याने छोट्या घरगुती संगणकासाठी ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा खेळ लिहिला. त्याने आपल्या कंपनीचे नावच ‘ॲडिक्टिव्ह गेम्स’, म्हणजे व्यसन लावणारे खेळ, असे ठेवले होते. तेव्हा हा शब्द कौतुकाचा होता! १९९२ साली पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ आला. आज त्यांच्या खेळाची परंपरा ‘फुटबॉल मॅनेजर’ याच नावाने चालू आहे. क्रिकेटप्रेमींसाठी १९९८ मध्ये ‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’ आला.

दुसरा प्रवाह ‘फँटसी’ खेळांचा. त्यात संघ कल्पनेतला, पण खेळाडू खरे आणि सामनेही खरे. प्रत्यक्ष सामन्यात आपल्या खेळाडूंनी जे केले त्यावरून आपल्याला गुण मिळतात. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी याची घडी बसवली. आपल्याकडे २००८ साली मुंबईत ‘ड्रीम११’ सुरू झाले. २०२० साली आयपीएल स्पर्धेला आणि २०२३ ते २०२५ या काळात भारतीय संघाच्या जर्सीलाही हेच नाव लागले. वस्ताद होण्याची हौस खेड्यापाड्यांतल्या मोबाइलपर्यंत पोचली ती प्रामुख्याने याच वाटेने.

पुस्तकातले क्रिकेट: उघडा असलेला खेळ

या सगळ्यांचा एक गरीब पण गुणी भाऊ आपल्या वर्गात फार पूर्वीपासून आहे. तो म्हणजे पुस्तकातले क्रिकेट. पुस्तक कुठेही उघडायचे आणि डाव्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक पाहायचा. डावे पान नेहमी सम क्रमांकाचे असते, म्हणून अंक पाचच येऊ शकतात: ०, २, ४, ६ आणि ८. शून्य आले की फलंदाज बाद, एरवी जो अंक असेल तितक्या धावा. (आठच्या बाबतीत गावोगावी वेगवेगळे नियम आहेत. आपण इथे सरळ आठ धावा धरू.)

आता थोडे गणित करू. पाचही अंक सारख्या शक्यतेने येतात असे मानले, तर बाद होण्याची शक्यता दर वेळी पाचात एक. म्हणजे एक फलंदाज सरासरी पाच चेंडू टिकतो. त्यांपैकी शेवटच्यावर तो बाद होतो आणि आधीच्या चारांवर धावा काढतो. धावांच्या चेंडूची सरासरी (२ + ४ + ६ + ८) ÷ ४ = ५. म्हणून एका गड्यामागे ४ × ५ = २० धावा आणि दहा गडी बाद होईपर्यंत २०० धावा. पन्नास चेंडूंत दोनशे!

पण सरासरी हे अर्धेच सत्य. प्रत्यक्ष डाव त्या सरासरीभोवती किती पसरतात तेही पाहायला हवे. गणित मांडले तर डावाचे प्रमाण विचलन सुमारे ७२ धावा येते. म्हणजे साधारण दोनतृतीयांश डाव १२८ ते २७२ यांच्या दरम्यान असतील आणि उरलेले त्याहूनही कमी किंवा जास्त. एखाद्या फलंदाजाने शतक ठोकण्याची शक्यता ८५ ते ९० डावांत एकदा इतकी येते. ज्याच्या नावावर ते शतक लागते त्याला मुले लगेच ‘फॉर्मात’ आहे म्हणू लागतात. पुस्तकाच्या पानांना फॉर्म नसतो, हे त्यांना माहीत असूनही!

या खेळात कौशल्य मुळीच नाही. तरीही मुले वह्यांच्या मागच्या पानांवर मालिकाच्या मालिका खेळतात, सरासरी काढतात, विश्वचषक भरवतात. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मोहाला चकचकीत पडदा लागत नाही. अनिश्चित निकाल, नोंदींची वही आणि ‘माझा संघ’ ही भावना, एवढे पुरते.

मात्र पुस्तकातल्या क्रिकेटचा एक मोठा गुण असा की त्याचे यंत्र उघडे आहे. शून्य का आले याचे कोडे उरत नाही. चार-सहा महिन्यांत मुलाला सगळे कळते आणि त्याचा तो पुढे जातो. किंवा पुस्तकाची शिवण कुठे सैल आहे आणि ते हमखास कोणत्या पानाशी उघडते, हे तो हेरून ठेवतो. तेही एक प्रकारचे संशोधनच आहे.

संगणक काय भर घालतो?

आता याच खेळात एक बदल करू. समजा आपल्या हुशार व्यवस्थापनामुळे आपल्या फलंदाजांची बाद होण्याची शक्यता पाचात एकऐवजी सहात एक झाली. मग एका गड्यामागे २५ आणि डावाला सरासरी २५० धावा होतील. प्रतिस्पर्ध्याच्या २०० आणि आपल्या २५०. हा फरक लहान नाही. तरीही पसारा एवढा मोठा असतो, की हिशेब केल्यावर आपला संघ तिनांपैकी दोनच सामने जिंकेल आणि एक हरेल, असे उत्तर येते.

दहा सामन्यांची मालिका घेतली तर आणखी गंमत दिसते. कमकुवत संघाने त्यांतले निम्मे किंवा अधिक सामने जिंकण्याची शक्यता सुमारे पाचात एक आहे. म्हणजे आपण खरोखर हुशार आहोत की नाही, हे दहा सामन्यांनंतरही खात्रीने सांगता येत नाही.

व्यवस्थापनाच्या खेळांची सगळी जादू या ‘तिनांपैकी दोन’मध्ये आहे. दरवेळी जिंकलो तर कंटाळा येतो, दरवेळी हरलो तर आपण सोडून देतो. पुष्कळदा जिंकून मधूनच हरलो, तर जिंकलेले सामने आपल्या अकलेमुळे आणि हरलेले नशिबामुळे, असे वाटू लागते आणि पुढचा सामना खेळावासा वाटतो. हे प्रमाण आपोआप जमून येत नाही. कौशल्याला किती वजन द्यायचे आणि योगायोगाला किती, हे खेळ लिहिणारा ठरवतो.

मानसशास्त्राच्या तीन गोष्टी इथे उपयोगी पडतात.

पहिली, अनियमित बक्षीस. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कबुतरे कळीवर चोच मारून दाणे मिळवत. ठरावीक चोचींनंतर दाणा मिळण्यापेक्षा कधी लवकर, कधी उशिरा असा दाणा मिळाला, तर कबुतर न थांबता चोच मारत राही. दाणे बंद केल्यावरही बराच वेळ. वोल्फ्राम शुल्त्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांच्या मेंदूवर केलेल्या कामातून असे दिसले, की डोपामीन वापरणाऱ्या चेतापेशी बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला जास्त प्रतिसाद देतात. अपेक्षेप्रमाणे मिळालेले बक्षीस त्यांना नवे काही सांगत नाही. (‘डोपामीन म्हणजे व्यसनाचे रसायन’ असे हल्ली सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. शिकणे, हालचाल, इच्छा अशा पुष्कळ कामांत त्याचा वाटा असतो.)

दुसरी, नियंत्रणाचा आभास. एलन लँगर यांनी १९७५ साली एक साधा प्रयोग केला. कचेरीतल्या लोकांना एक डॉलर किमतीची सोडतीची तिकिटे विकली. तिकिटे म्हणून अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची चित्रे असलेली पत्रे वापरली होती. काहींना आपले तिकीट निवडू दिले, काहींच्या हाती सरळ देऊन टाकले. नंतर ‘हे तिकीट परत विकाल का?’ असे विचारल्यावर, हाती दिलेल्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास किंमत सांगितली. स्वतः निवडलेल्यांनी साडेआठ डॉलरहून अधिक. सोडत तीच, जिंकण्याची शक्यताही तीच. चार पट किंमत वाढली ती केवळ ‘मी निवडले’ या भावनेमुळे. व्यवस्थापनाच्या खेळात तर निवडण्यापलीकडे दुसरे काही कामच नसते.

तिसरी, अर्धवट राहिलेले काम. मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवले, की मध्येच थांबवलेले काम, कोणी सांगितले नसतानाही, माणसे पुन्हा हाती घेतात. या खेळांत कामाला शेवट नसतो. सामना संपतो तोवर खेळाडूंच्या खरेदीची मुदत जवळ आलेली असते. ती संपते तोवर एखादा गुणी पोरगा तयार होत आलेला असतो. कादंबरीला शेवटचे पान असते, इथे पुढचा हंगाम असतो.

चांगले काय, खटकते काय

समीक्षकाने आधी चांगले सांगावे. यांतले उत्तम खेळ हे खरोखर मोठ्या कष्टाने बनवलेले प्रतिमान आहेत. ‘फुटबॉल मॅनेजर’साठी जगभरच्या निरीक्षकांकडून खेळाडूंची माहिती जमवली जाते. ती इतकी तपशीलवार असते, की २००८ साली इंग्लंडमधल्या एव्हर्टन या व्यावसायिक क्लबने ती वापरण्याचा करार केला. हा खेळ मन लावून खेळणारा मुलगा मर्यादित पैशांत निवड करायला शिकतो, आजचा लाभ आणि उद्याचा लाभ यांची तुलना करतो, तक्ता वाचतो. परदेशी शहरांची नावे त्याला पाठ होतात. हे सगळे खरे आहे. ‘वेळ वाया घालवतो’ असे म्हणणाऱ्या पालकाने एकदा शेजारी बसून त्या पडद्यावरचे आकडे समजावून घ्यावेत.

खटकते ते असे. प्रत्येक प्रतिमान काही ठेवते आणि काही गाळते. काय गाळले आहे ते सांगणे हा विज्ञानाचा शिष्टाचार आहे. हे खेळ तो पाळत नाहीत. खेळाडूच्या नावापुढे जिद्द १७, स्वभाव १४ असे आकडे असतात. ते कोणी, कशावरून दिले आणि निकालात ते किती वजनाने मोजले जातात, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. यंत्र बंद पेटीत आहे. मग मुलगा पेटीबाहेरून अंदाज बांधतो. चढाईचा डावपेच लावला आणि जिंकलो, तेव्हा तोच चांगला, असे ठरवतो. एका सामन्यावरून काढलेला हा निष्कर्ष विज्ञानाचा नव्हे, शकुनाचा आहे. निरीक्षण, तर्क, पडताळा यांचा सराव होण्याऐवजी अंधश्रद्धेचा सराव होण्याचा धोका इथे आहे, तोही आकड्यांच्या भाषेत. म्हणून तो अधिक फसवा.

दुसरी उणीव दाखवायला आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. विजय हजारे यांचा जन्म १९१५ सालचा, सांगलीचा. कसोटी सामने ३०, धावा २१९२, शतके ७, सरासरी ४७.६५. व्यवस्थापनाच्या खेळात हजारे एवढेच उरतील. आता जानेवारी १९४८ चा ॲडलेडचा सामना आठवावा. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ आणि फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात १४५ केल्या, तेही लिंडवॉल सात बळी घेत असताना. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. फँटसीच्या हिशेबात हजारे त्या दिवशी ‘भरघोस गुणांचा’ खेळाडू ठरले असते. त्यांना निवडणाऱ्याने मोठा विजय साजरा केला असता आणि भारत हरला याची त्याच्या तक्त्यात नोंदही झाली नसती. हरत्या संघासाठी दिवसभर उभे राहणे म्हणजे काय, ते या हिशेबात बसत नाही.

वस्तादाशी तुलना केली तर फरक अधिक स्पष्ट होतो. तालमीतला वस्ताद पोराला ओळखतो. त्याच्या घरची परिस्थिती, खुराकाचा खर्च, दुखरा गुडघा, रुसवा, सगळे त्याला ठाऊक असते. पोरगा हरला तर वस्ताद त्याला बाजारात विकून दुसरा आणत नाही. पडद्यावरच्या व्यवस्थापकाला मात्र माणूस म्हणजे भाव असलेला माल. असल्या खेळाने कोणी निर्दय होते असे मी म्हणत नाही. पण आपण शाळेत संघ, संघनायक, प्रशिक्षक हे शब्द ज्या अर्थाने वापरतो त्यापेक्षा हा अर्थ निराळा आहे, हे मुलांना सांगायला हवे.

पैसा मध्ये आला की

इथवर बोललो ते बिनपैशांच्या किंवा एकदाच विकत घ्यायच्या खेळांविषयी. पैसे लावण्याच्या फँटसी स्पर्धांचे गणित निराळे आहे.

बावीस खेळाडूंतून अकरा निवडायचे तर ७,०५,४३२ प्रकारे निवडता येतात. त्यांतून एक कर्णधार (दुप्पट गुण) आणि एक उपकर्णधार (दीडपट गुण) नेमायचे ११० मार्ग. गुणाकार केला की ७ कोटी ७५ लाखांहून अधिक वेगवेगळे संघ होतात. खेळाडूंच्या किमतीची मर्यादा आणि इतर अटी यांमुळे ते काहीसे कमी होतील, पण संख्या प्रचंडच राहील. क्रिकेटची उत्तम जाण असलेला माणूस त्यातले भलभलते संघ बाजूला ठेवू शकतो. तरीही मोठ्या स्पर्धेत पहिले यायला उरलेल्या लाखो वाजवी संघांतून नेमका एक हाती लागावा लागतो.

शिवाय आयोजकाचा वाटा असतो. समजा शंभर जणांनी दहा-दहा रुपये लावले आणि आयोजकाने हजारातले दीडशे ठेवून घेतले. आता वाटायला साडेआठशेच उरले. मग कोणी कितीही हुशार असो, शंभर जणांचे मिळून दीडशे रुपये जाणारच. काहींना फायदा झाला, तर बाकीच्यांचे त्याहून अधिक जातील. जिंकलेल्याचे छायाचित्र छापून येते, हरलेल्यांचे कोणी काढत नाही. त्यामुळे गावात सगळ्यांना जिंकणारेच आठवतात.

हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांत बराच खल झाला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कौशल्याचा ठरवला. कायद्याच्या चौकटीत तो निकाल असेल, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने प्रश्नच वेगळा विचारायला हवा. वर पाहिले तसे, कौशल्य आणि योगायोग एकाच खेळात एकत्र असतात. एका सामन्यात योगायोगाचे राज्य असते. शेकडो सामन्यांत कौशल्य वर येते. आणि कौशल्य वर येते याचा अर्थ असा, की थोड्या जाणकारांकडे बाकीच्यांचा पैसा नियमाने जातो. तेव्हा ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य कमी जाणणाऱ्याला धीर देणारे नसून सावध करणारे आहे. जाहिरातींनी ते उलटे करून वापरले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावण्याचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरवले. ‘ड्रीम११’सह मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले. कायद्याचे स्वागत करतानाच एक लक्षात ठेवावे, की कायदा दुकान बंद करतो, मोह बंद करत नाही. बिनपैशांचे खेळ चालूच आहेत आणि चोरवाटाही असतात. म्हणून हा विषय वर्गात येणे गरजेचे आहे.

‘व्यसन’ शब्द जपून

रात्री उशिरापर्यंत खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. पण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे. त्यामुळे शिक्षण, घर, मैत्री यांची गंभीर हानी झालेली असावी आणि हे साधारणपणे वर्षभर दिसावे, अशी अपेक्षा आहे. जुगाराच्या विकाराची नोंद वेगळी आहे. शिक्षकाने निदान करायचे नसते. पण झोप, हजेरी, मित्र आणि उसने पैसे या चार गोष्टींत बदल दिसला, तर पालकांशी शांतपणे बोलावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मुलाला चारचौघांत लाजवल्याने मात्र काहीच साधत नाही. तो आणखी पडद्याआड जातो.

वर्गात करून पाहण्यासारखे

या खेळांवरचा उत्तम उतारा म्हणजे त्यांची पेटी उघडणे. तीन प्रयोग सुचवतो. तिन्हींना पैसे लागत नाहीत आणि तिन्हींत पैसे लावायचेही नाहीत.

१. पुस्तकातल्या क्रिकेटचे शंभर चेंडू टाकून प्रत्येक अंक किती वेळा आला याची नोंद करा. पाचही अंक वीस-वीसच्या आसपास येतात का? जाड पुस्तक, पातळ पुस्तक, नवे पुस्तक, शिवण उसवलेले पुस्तक यांत फरक पडतो का? आपण गृहीत धरलेली ‘सारखी शक्यता’ कुठे मोडते ते मुलांनाच शोधू द्या.

२. दोन संघांपैकी एकासाठी नियम बदला. त्याचा फलंदाज पान शून्याचे आले तरी लगेच बाद होणार नाही. त्याने फासा टाकायचा. सहा पडला तर तो वाचला आणि पुन्हा पान उघडायचे. हा संघ किंचित सरस झाला. किती सामन्यांनंतर वर्गाला ते खात्रीने सांगता येते? नियम कोणत्या संघाचा बदलला आहे हे अर्ध्या वर्गापासून लपवून ठेवले, तर प्रयोगाला अधिक रंगत येईल.

३. एखाद्या स्पर्धेच्या वेळी वर्गाचे दोन गट करा. एका गटाने अभ्यास करून अकरा खेळाडू निवडावेत, दुसऱ्याने त्याच बावीस नावांच्या चिठ्ठ्या टाकून अकरा काढाव्यात. गुणांचे साधे नियम आपणच ठरवावेत. दहा सामन्यांची सरासरी काढावी. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे सामने घेतले तर मुलींचा गट निवडीत मागे राहणार नाही. अभ्यासाचा फायदा दिसला तर किती आणि चिठ्ठीवाला गट किती वेळा जिंकला, या दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहाव्यात.

आष्ट्यात आज अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. तिथल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसून असा खेळ स्वतः लिहिला, तर एका दिवाळीच्या सुट्टीत तो पुरा होईल. पन्नास-साठ ओळींचा कार्यक्रम पुरतो. बाद होण्याची शक्यता कोणत्या ओळीत लिहिली आहे आणि ती बदलली की हजार सामन्यांचा निकाल कसा बदलतो, हे मुलाने एकदा स्वतःच्या हाताने केले, की दुसऱ्याने लिहिलेला खेळ तो वेगळ्या नजरेने खेळू लागतो. तो खेळणे सोडेलच असे नाही, आणि सोडावे असा आग्रहही नाही. पण ‘मी जिंकलो’ म्हणण्यापूर्वी ‘किती सामन्यांत?’ असे तो स्वतःला विचारील. आपण सांख्यिकी शिकवतो ती ह्याच प्रश्नासाठी.